सुकट्याचे दहा दिवस

सारसोळे
८ जानेवारी १९५९

ती. शांतीवन्सं यांस,
जमुनाचा नमस्कार.

तुमचं पत्र परवा मिळालं. खळ्यावर मासळी वाळत घालताना मी ते बायकांना वाचून दाखवलं. तुमच्या खोरशेदबाईंचे तीन कुत्रे दुपारी वाफवलेला मासा खातात आणि तुम्ही पाटावर बसून त्याचा एकेक काटा बोटांनी काढता, हे ऐकून सुमित्राबाईंना हसता हसता ठसका लागला. कोळ्याची लेक ताडदेवला जाऊन कुत्र्यांची दाई झाली, म्हणाल्या. वन्सं, आपल्याकडची कुत्री सात पिढ्या मासळीच्या डोक्यांवर वाढली. कोळ्याच्या कुत्र्याला काटा लागत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तुमच्या बाईंना सांगा.

हसायचं तेवढं हसून झालं. आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

आपला कुत्रा सुकट्या तीन दिवस जेवलेला नाही. तोंड उघडं पडलंय ते मिटतच नाही. लाळ गळते. चिंबोऱ्यांचा रस्सा पुढे ठेवला तर वास घेतला आणि माझ्याकडे बघत राहिला. तुमचे भाऊ बोटीवर नोकरीला निघाले तेव्हा मला म्हणाले होते, मी येईस्तोवर घरातला गडी हाच. त्यांना यायला अजून पाच महिने आहेत.

काल धर्मराज पाटील पंचांना घेऊन आले. काशाच्या थाळीत पाणी घालून सुकट्यापुढे सरकवलं. आपल्याकडे पिसाळलेलं कुत्रं असंच ओळखतात. त्याने तोंड घातलं, पण पाणी जिभेवर घेता येईना. सगळं सांडलं आणि तो मागे सरला. झालं. पाण्याला भ्यायला, म्हणजे पिसाळला.

"जमने, सकाली आमी येतो," धर्मराज म्हणाला. "तू घरान बस. बगू नको."

मी म्हटलं, "सकाली ये नाय तर दुपारी ये. खोपटाची कडी माज्या हातान हाय."

धर्मराजचा कान्हा गेल्या शिमग्याआधी कुत्रं चावून गेला, ते मी तुम्हाला कळवलं होतं. त्याला भगताकडे नेलं, धुरी दिली, ताईत बांधला. दीड महिन्याने ते पोर पाण्याचा आवाज ऐकून किंचाळायला लागलं. मी ते डोळ्यांनी बघितलंय. धर्मराज दुष्टाव्याने बोलत नाही, भीतीने बोलतो, हे मला कळतं. पण त्याच्या भीतीपायी माझा कुत्रा वल्ह्याखाली का जावा? सुकट्याला मी जाळ्यांच्या खोपटात कोंडलाय आणि दारात बसून हे लिहितेय. आज सकाळी ते आले आणि परत गेले.

तुमच्या बाईंकडे जनावरांचे डॉक्टर येतात ना? त्यांना विचारून औषध कळवा.

तुमची
जमुना

*

ताडदेव, मुंबई
१० जानेवारी १९५९

चि. सौ. जमुना हिस शांतीचे आशीर्वाद.

डॉक्टर आज सकाळीच आले होते. खोरशेदबाईंच्या म्हाताऱ्या कुत्रीचे कान धुतात ते. मी मध्येच तुझं पत्र वाचून दाखवलं. ते हसले नाहीत, कान अर्धा सोडून उठून उभे राहिले.

ते म्हणाले, दोनच गोष्टी असू शकतात. एक तर तोंडात हाडूक किंवा काटा आडवा अडकलाय. नाही तर त्याला पिसाळी लागलीय. पिसाळलेला प्रत्येक कुत्रा धावून येत नाही. काहींचा जबडाच लुळा पडतो, ती गरीब गाईसारखी बसून असतात आणि माणूस मायेने तोंडात हात घालतो. बाहेरून दोन्ही एकसारखंच दिसतं, डॉक्टरलाही कळत नाही. म्हणून नीट वाच. तोंडात हात घालायचा नाही. लाळ अंगावर घ्यायची नाही. बांधून ठेवायचा आणि दिवस मोजायचे. पिसाळी असेल तर दहा दिवसांच्या आत मरतो. जगला तर ती नव्हती.

त्यांनी विचारलंय, पुढच्या पायाने तोंड खाजवतो का? तुला ओळखतो का? मी माझं विचारते, तुझी मांजर त्याच्याजवळ जाते का? तिला आपल्याआधी कळतं. पेज पाजायची तर लांब दांड्याच्या पळीने गालाच्या कडेने थेंब थेंब सोड, सरळ घशात ओतू नको, ठसका लागून मरेल.

हे झालं डॉक्टरचं. आता माझं ऐक. धर्मराज मागतो तर देऊन टाक. माणूस आधी, कुत्रा मग. आणि गावाशी वैर करून बाईमाणसाला राहता येत नाही. हे गेले तेव्हा खळ्यावरची माझी जागा पंचांनी माझ्या दिराला दिली. मी तोंडातून ब्र काढला नाही, लुगड्याचं गाठोडं घेऊन मुंबईला आले. म्हणून आज सुखाने दोन घास खाते. माझ्या भावाला, रोहिदासला, मी समजावीन.

काट्याचं मात्र मनावर घे. इथे दोन वर्षांपूर्वी कोंबडीचं हाडूक अडकलं होतं, त्याची लक्षणं अशीच होती.

तुझी वन्स
शांती

*

सारसोळे
१४ जानेवारी १९५९

ती. शांतीवन्सं यांस साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपले पत्र पावले. मजकूर ध्यानी आला. काट्याविषयी आपण जे लिहिले ते वाचून वाईट वाटले. बारा वर्षे मुंबईस राहून आपणांस आपल्याच जातीचा विसर पडावा? कोळ्याच्या कुत्र्यास काटा लागला असे मी खळ्यावर बोलले तर लोक मला हसतील. सबब तो विषय येथेच पुरे.

सुकट्या मला ओळखतो. हाक मारली की शेपटी हलवितो. तोंड पायाने खाजवितो, पण पिसवांनीही कुत्री खाजवितातच. मांजर रोज त्याच्या पोटाशी जाऊन निजते. पेज पळीने पाजते, निम्मी आत जाते.

पंचांनी परवापासून मला विहीर आणि खळे बंद केले आहे. पाणी नेरूळच्या वाटेवरील डबक्यातून आणते. मासळी घराच्या कौलांवर वाळत घालते. सुकट्यास देणार नाही हे मी पंचांस चौघांदेखत सांगितले आहे आणि आपणांसही तेच सांगते.

उजव्या बोटास शिंगाळ्याचा काटा लागून हात सुजला आहे, एवढे सोडून माझी प्रकृती उत्तम आहे. काळजी नसावी.

आपली
जमुना

*

ताडदेव
१६ जानेवारी १९५९

जमुना,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. भाऊच्या धक्क्यावर जाऊन नामा तांडेलाच्या हातात देतेय. त्याच्याच हाती उत्तर पाहिजे.

'सबब' हा शब्द तू जन्मात कधी बोलली नाहीस. अक्षर पंढरी गुरुजींचं आहे, वेलांट्या त्यांच्याच. तुझा हात लिहिण्याजोगा नाही, म्हणून तू त्यांना गाठलंस. शिंगाळ्याचा काटा लागला म्हणतेस. कोळणीच्या बोटाला लागतो आणि कोळ्याच्या कुत्र्याच्या टाळूला लागत नाही, हा कुठला न्याय गो? शिंगाळा मचव्यात आला की त्याचे काटे मोडून समुद्रात टाकायचे, हे तू लग्न होऊन आलीस तेव्हा मीच तुला शिकवलं. माझ्याकडे बघून खोटं बोलता येत नाही, म्हणून कागदावर बोललीस.

मी विचारते ते सरळ सांग. तू त्याच्या तोंडात हात घातलास का? दात लागला का? कुठल्या दिवशी?

लागला असेल तर हे वाचताक्षणी जखम साबणाने धू. पुन्हा धू. हळद, चुना, तंबाखू काही भरू नको. आणि याच मचव्यात बसून ये. इथल्या इस्पितळात पोटात चौदा इंजेक्शनं देतात. कान्ह्याला ती मिळाली नाहीत, म्हणून गेला तो. कुत्रा चावल्यावर माणूस वाचतो जमुना, फक्त उशीर करायचा नसतो.

शांती

*

सारसोळे
१७ जानेवारी १९५९

वन्सं,

डाव्या हाताने लिहितेय. जमेल तसं वाचा.

तुमचं दहा तारखेचं पत्र आलं तेव्हा मला राग आला, पण काटा डोक्यातून जाईना. तेराला संध्याकाळी कंदील धरून त्याच्या तोंडात बघितलं. टाळूला आडवं काहीतरी काळं दिसलं. काटा की सुजलेलं मांस, कळलं नाही. बोट घातलं. त्याला लागलं असणार, तो कळवळला आणि दात बसला. त्याने मुद्दाम नाही केलं. नंतर माझ्या पायावर डोकं ठेवून पडला. साबणाने धुतलं, तुमचं कालचं पत्र आल्यावर पुन्हा दोनदा धुतलं.

गुरुजींना खरं सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर गावाने मलाही खोपटात कोंडलं असतं.

तरी एकीला ते कळलंच. पुतळावहिनीने माझा हात बघितला. धर्मराजची बायको ती, मला वाटलं आता गेलं गावभर. पण ती काही बोलली नाही. नुसती उभी राहिली आणि गेली.

आता येण्याचं. वन्सं, मी येत नाही. भीती वाटत नाही असं नाही. पाणी पिताना आधी पाण्याकडे बघते, भीती वाटते का ते बघते, मग पिते. पण मी मचव्यात पाय ठेवला की हे खोपटाची कडी तोडतील. सुकट्या मेला तर तो पिसाळला होता की नव्हता, हे मला कोण सांगणार? तुमच्याच डॉक्टरांनी लिहिलंय, दिवस मोजा. त्याचे दिवस तेच माझे दिवस. मी त्याला जगवते म्हणजे मी मला जगवते. माझ्या हाताचं लपवून, नुसते दिवस मोजा एवढं पंचांना सांगून बघितलं. हसले.

तेवीस तारखेपर्यंत, म्हणजे चावल्यापासून दहा दिवस, मी या दारातून उठणार नाही. मेले तर दोघं बरोबर मरू, पण कुणी वल्ह्याने मारलं म्हणून नाही.

जमुना

*

सारसोळे
२० जानेवारी १९५९

चि. जमुना हिस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचताच मी इथे आले आणि परवा तुला मचव्यात ढकलली, तेव्हा तू माझ्याशी बोलली नाहीस. नको बोलू. इंजेक्शनं घेतेस ना, तेवढं पुरे. तू म्हणालीस दारात कुणीतरी बसलं पाहिजे. बसलेय मी. बारा वर्षांनी आले आणि कुत्र्याच्या दारात बसले, त्याचं गावाला मोठं नवल वाटलंय.

तुझा सुकट्या पहिल्या दिवशी माझ्याकडे पाठ करून बसला. मी त्याच्या मागे लागले नाही. खोरशेदबाईंच्या कुत्र्यांनी मला एक शिकवलंय, नव्या माणसाने कुत्र्याच्या डोळ्यांत बघायचं नसतं. बाजूला बसून आपलं काम करत राहायचं. मी तुझं फाटकं जाळं विणत बसले. संध्याकाळी आपणहून जवळ आला आणि माझ्या लुगड्याचा वास घेतला. त्याला तीन पारशी कुत्र्यांचा वास आला असणार, तोंड वेडंवाकडं केलं.

पेज चार वेळा पाजते, थोडी थोडी. एकदम पोटभर दिली तर ओकतो. तोंडाला घाण वास मारतो. सडलेल्या जखमेचा वास आहे तो, मी सांगते. पण हात घालत नाही. सांडशी आणि रीळ आणून ठेवलंय, तेवीस झाली की बघते.

धर्मराज काल आला होता. "शांतीबाय, तू तरी शानी हायस," म्हणाला.

"तवा शानी होते," मी म्हटलं. "खल्यावरची जागा काढलीत तवा गप बसले. आता मना शानपन नको."

बोलले आणि जाळ्याची पुढची गाठ मारली.

शांती

*

ताडदेव
२१ जानेवारी १९५९

वन्सं,

आज तिसरं इंजेक्शन झालं. बेंबीभोवती जागा बदलून देतात. दुखतं, पण शिंगाळ्याच्या काट्यापेक्षा कमी.

तुमच्यावर रागावले होते, ते आता नाही. तुमचं काम मी करतेय. खोरशेदबाईंनी पहिल्या दिवशी मला पाटावर बसवलं आणि वाफवलेला मासा पुढे ठेवला. मी काटे काढायला बसले. एका मुठीएवढ्या तुकड्यातून ओंजळभर काटे निघाले. बघत बसले. हे सगळं मी रोज सुकट्यापुढे टाकत होते, त्याने कितीदा गिळलं असेल आणि कितीदा त्याला टोचलं असेल, त्याने कुणाला सांगायचं? आपण म्हणत राहिलो, कोळ्याचा कुत्रा. त्याला कुठे माहीत होतं तो कोळ्याचा आहे ते.

बाईंनी विचारलं, "जमना, रडते कशाला? कांदा तर नाय कापला." मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुजा कुत्रा जीवशे. तू बी जीवशे." म्हणजे आम्ही दोघं जगू. मग पुन्हा काटे काढायला लावलं.

इस्पितळात डॉक्टर रोज एकच विचारतात. कुत्रा जिवंत आहे का? रांगेत वीसेक माणसं असतात. बहुतेक सगळे म्हणतात, मारला. मग डॉक्टर नुसती मान हलवतात आणि पूर्ण चौदा लिहितात. मी म्हणते, जिवंत आहे, माझी नणंद त्याच्याजवळ बसली आहे. काल सगळी रांग माझ्याकडे वळून बघत होती.

कसंही करून दोन दिवस काढा.

जमुना

*

सारसोळे
२२ जानेवारी १९५९

चि. जमुना,

हे पत्र जो तुझ्या हातात देईल त्याचं नाव धर्मराज पाटील. त्याला वाचता येत नाही, तेव्हा त्याच्यासमोर खुशाल वाच.

आज सकाळी तो सहा माणसं आणि वल्ही घेऊन आला. मी कडीला पाठ लावून बसले. तो म्हणाला, उठ. मी म्हटलं, मला उचलून बाजूला ठेव, पण आधी तुझ्या आईला विचारून ये. तिनेच मला न्हाऊमाखू घातलंय. तो थांबला, पण मागचे थांबेनात. एकाने माझा दंड धरला.

तेवढ्यात पुतळा आली. कडेवर गोजरा, धाकटी. धावत आली ती माझ्याशेजारी मातीत बसली आणि पोरीला मांडीत घेतलं.

धर्मराज म्हणाला, "तू कनाला आलीस?"

ती म्हणाली, "ह्या कुत्र्याला तू मारलास तर माज्या पोरीचा काय होनार, ता मना कोन सांगंल?"

कुणालाच कळेना. मग तिने पोरीचा गुडघा दाखवला. खरचटलेलं होतं, खपली ओली. पंधरा तारखेला गोजरा खोपटाच्या मागच्या फटीतून सुकट्याला गूळ द्यायला गेली होती. त्याने गुडघा चाटला. लाळ जखमेला लागली. पुतळाला त्याच दिवशी कळलं आणि ती सात दिवस गप्प राहिली. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्याने कुत्रा मारला असता आणि पोरीला भगताकडे नेलं असतं. कान्ह्यासारखं. ती रोज पहाटे येऊन फटीतून बघून जायची, कुत्रा श्वास घेतो का. तुझा हात बघून ती गप्प का राहिली, ते आता समज.

धर्मराजच्या हातातलं वल्हं सुटलं ते त्याने उचललं नाही.

मी त्याला सरळ सांगितलं, उद्याच्या मचव्याने पोरीला मुंबईला ने, जमुना तिथे आहे, ती रांग दाखवील. तो म्हणाला, "जमना मना दारात तरी उबी करंल?" मी म्हटलं, ते तिला विचार.

तेव्हा जमुना, तुला काय बोलायचं ते बोल. पण आधी पोरीला इंजेक्शन मिळवून दे.

शांती

*

ताडदेव
२४ जानेवारी १९५९

वन्सं,

धर्मराज काल दुपारी दारात उभा राहिला, पोरीला खांद्यावर घेऊन. माझ्या मनात खूप होतं. डबक्यातलं पाणी होतं, कौलांवरची मासळी होती. पण गोजरा म्हणाली, "काकी, सुकट्याला गूळ आवडला नाय." मी चप्पल घातली आणि त्यांना घेऊन निघाले.

रांगेत आम्ही शेजारी बसलो, मध्ये गोजरा. तो सगळ्यांच्या पोटांकडे बघत होता. सुई बघितली आणि विचारलं, "हीच का ती?" मी म्हटलं, हीच. "कान्ह्याला हीच देयाची व्हती?" मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू? त्याने गोजराला मांडीवर घेतलं.

नंबर आला. डॉक्टरांनी जखम बघितली, वही ओढली आणि नेहमीचं विचारलं. "कुत्रा मारला की जिवंत आहे?"

वन्सं, हा माणूस सहा जणांना घेऊन सुकट्याला मारायला आला होता. तो उभा राहिला, टोपी हातात घेतली आणि म्हणाला, "जित्ता हाय, सायेब. मी निगालो तवा जित्ता व्हता."

डॉक्टर म्हणाले, "शहाणे आहात. कुणी सांभाळलाय?"

त्याने माझ्याकडे बोट केलं.  माझं नाव घ्यायला मी त्याला मदत केली नाही.

डॉक्टर म्हणाले, रोज यायचं आणि रोज कुत्र्याची खबर आणायची. आज पहाटे हा माणूस भाऊच्या धक्क्यावर गेला आणि सारसोळ्याच्या प्रत्येक मचव्याला हाक मारून विचारत सुटला, सुकट्या जित्ता हाय का? नामाने हो म्हटलं तेव्हा तो धक्क्याच्या पायऱ्यांवर बसून रडला, असं नामाच सांगत होता.

माझे दहा दिवस काल भरले. डॉक्टरांनी माझी इंजेक्शनं थांबवली. गोजराचे उद्या भरतात.

जमुना

*

सारसोळे
२५ जानेवारी १९५९

चि. जमुना,

काढला.

काल सकाळी दाराबाहेर उजेडात बसवला. पुतळाने गोणपाटात गुंडाळून धड धरलं, सुमित्राबाईंनी डोकं. खळ्यावर हसून ठसका लागला होता त्याच सुमित्राबाई. दोऱ्याचं रिकामं रीळ फडक्यात गुंडाळून मागच्या दाढांमध्ये बसवलं, म्हणजे तोंड मिटता येत नाही. मग सांडशी घातली. टाळूला आडवा, दोन्हीकडच्या दाढांमध्ये रुतून बसला होता. वर मांस चढलं होतं. दोनदा निसटला, तिसऱ्यांदा आला. शिंगाळ्याचा काटा, माझ्या करंगळीएवढा, करवतीसारखे दात असलेला.

सगळं गाव गोळा झालं होतं. मी काटा तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवला. मोडून समुद्रात टाकायचा तो किनाऱ्यावर कुणी टाकला, हे मी विचारलं नाही. जो तो आपल्या पायाकडे बघत होता.

तोंड मिठाच्या कोमट पाण्याने पुसलं. तो आधी पाणी प्यायला. काशाच्या थाळीतूनच दिलं मी, मुद्दाम. अर्धी थाळी संपवली. खायला पहिल्या दिवशी मऊ भात, वाटीभर, तीन वेळा मिळून. उपाशी पोटाला एकदम भरवलं तर तो काट्यातून वाचून भाताने मरायचा. आज मिटक्या मारत जेवला आणि तुझ्या मांजरीचाही घास ओढला. गोजराचे दहा दिवस आज सुखरूप भरले, पुतळाला सांगितलं. तिने देवीपुढे डोकं टेकलं, मग खोपटापुढे टेकलं.

मी आज खळ्यावर माझ्या जुन्या जागी गोणपाट अंथरून बसले. दीर आला, बघितलं आणि गेला. उठ म्हणाला नाही. मी उठणारही नव्हते.

आता पंचांचा निरोप. ते म्हणतात, झालं गेलं विसरू. जमुनाने येऊन गावदेवीला नारळ द्यावा, गावाचं ऐकलं नाही ही चूक झाली असं चौघांत म्हणावं, की विहीर खुली. मी त्यांना हो किंवा नाही काही म्हटलेलं नाही. तुझं तू ठरव. मागे मी तुला माघार घे म्हणाले होते, तो सल्ला फाडून टाक.

शांती

*

ताडदेव
२७ जानेवारी १९५९

वन्सं,

उद्या नामाच्या मचव्याने निघते. गोजराची इंजेक्शनं थांबली. ती आणि धर्मराज माझ्याबरोबरच आहेत. खोरशेदबाईंनी तुमच्यासाठी निरोप दिलाय, शांतीला यायचं तेव्हा येऊ दे, पण कुत्रे तिच्याशिवाय जेवताना कुरकुरतात.

पंचांना हे वाचून दाखवा. गुरुजींना वाचायला लावा, म्हणजे शब्द इकडचा तिकडे होणार नाही.

नारळ आणणार नाही. देवीला देईन, माझ्या मनात येईल तेव्हा, चूक म्हणून नाही. मी चूक केलेली नाही. मी कुत्रा राखला, म्हणून मला आणि पाटलांच्या पोरीला आपण जगणार की नाही ते कळलं. तुमचं ऐकलं असतं तर आम्ही दोघी अजून पाण्याकडे बघत बसलो असतो. आणि ज्यांना तेव्हा वल्हं उचलता आलं त्यांनी आता ऐकावं, यापुढे सारसोळ्यात कुणाला कुत्रं चावलं तर भगताकडे जायच्या आधी माझ्याकडे यायचं. मी इस्पितळात नेईन. नाही आलात तर मी घरात येऊन नेईन.

हे सगळं मी मघाशी धर्मराजला वाचून दाखवलं. गोजरा त्याच्या मांडीवर झोपली होती. त्याने तिला नीट सावरून घेतलं. मग म्हणाला, "पंचांत माजा नाव नको धरूस. मी त्या बाजूला नाय."

परवा दुपारी, सगळ्या बायका पाण्याला असतात तेव्हा, मी विहिरीवर येते. सुकट्याला बरोबर घेऊन येते. ज्याला अडवायचं असेल त्याने तिथे उभं राहावं.

माझी घागर घासून ठेवा.

जमुना